केराटिन नऊ

पार्सल आलं तेव्हा बर्फ निम्मा विरघळला होता.
कुरिअरवाला कुपवाडात चुकला,
दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा गेटवर येऊन भांडला.
थर्माकोलचा एवढा मोठा खोका,
त्यात डबी, डबीत कुपी,
कुपीच्या बुडाशी पांढरं काहीतरी,
झोपेतून उठल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात असतं तेवढंच.

लेबल: मानवी केराटिन नऊ, रिकॉम्बिनंट.
पन्नास मायक्रोग्रॅम.
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
माणसाचंच, आणि माणसालाच नको,
अर्शिया मुलाणी हसली. मी सही केली.
किंमत सांगत नाही.
आमच्याकडं शेडवर तेवढ्यात दोन बायांचा हंगाम निघतो.

कुंभोजकर सर सांगतात,
हे केराटिन गालावर नसतं, पाठीवर नसतं.
तळहात आणि तळपाय, बास.
जिथं जगाशी घासाघीस, तिथंच.
आणि बनवलं कुणी? जंतूंनी.
ज्यांना हात नाही, पाय नाही.
माणसाच्या जनुकाचा एक उतारा त्यांच्या पोटात घातला,
उबेला ठेवून रात्रभर हलवलं,
त्यांनी मुकाट्यानं तळहाताचं सूत कातलं.
धरायला काही नसताना.

आई सावळजच्या बेदाणा शेडवर.
द्राक्षाचे घड डिपिंगच्या पाण्यात बुडवायचे,
साल सैल पडते, आतलं पाणी वाट काढतं,
मग जाळीवर पंधरा दिवस.
साल द्राक्षाची कुठली आणि बाईची कुठली
हे त्या पाण्याला कळत नाही.
मार्चअखेर तिच्या बोटांची सालपटं निघतात.
बेदाण्यातल्या काड्या उडवाव्यात
तशी ती फुंकर मारते.
"नवी येतीया की.
आत कोण बसलंय कुणास ठावं,
करतंय बिचारं."

शुक्रवारी जेल चालवली.
पहिल्या घरात मापाचे पट्टे,
दुसऱ्यात कुपीतलं,
तिसऱ्यात काहीच नाही, नुसतं द्रावण,
आपण स्वतःला फसवू नये म्हणून ठेवतात ते.
चांदीच्या क्षारानं रंगवली, दिव्यावर धरली.

तिसऱ्या घरात पट्टा.

फिकट. पण आहे.
कुपीतल्यापेक्षा केसभर खाली,
कारण कुपीतल्याला कंपनीनं शेपूट जोडलंय, ओळखीसाठी.
याला शेपूट नाही.

सरांनी चष्मा कपाळावर नेला.
"मगदूम, हातमोजे काढले होते?"
काढले होते. नळीचं झाकण निघत नव्हतं.
"ही आपलीच कातडी. धुळीत असते, बाहीवर असते,
जगातल्या प्रत्येक लॅबला छळते.
वहीत लिहा."
लिहिलं. भेसळ. स्रोत: कर्मचारी.

लिहिलं खरं,
पण त्या सकाळी आईनं एसटीचे सुटे पैसे
माझ्या मुठीत कोंबले होते,
तिच्या त्या सोललेल्या बोटांनी, दाबून,
मी नको म्हणत असताना.
पट्ट्यावर नाव नसतं.
मापाला वजन कळतं, तळहात कुणाचा ते नाही.

साडेसहाच्या गाडीत उभीच होते.
दांडीला सात-आठ हात,
एक हळदीनं पिवळा, एक ग्रीसचा,
आम्ही सगळेच तिथं थोडेथोडे उरत होतो.

रात्री तिला फोटो दाखवला.
तिनं मोबाईल लांब धरला.
"ह्यो कितीचा?"
सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
"आणि ह्यो खालचा?"
तो फुकट, म्हटलं. तो चुकून आलाय. तो नको असतो.

तिनं पदराला बोटं पुसली,
अंगठ्याचं एक सालपट तरीही लोंबत राहिलं.
"मग त्यो बी भरून ठिव की बाटलीत,"
म्हणाली, आणि परात पुढं ओढली.

सोमवारी नवे हातमोजे घेतले, मधला साईझ.
कुपी उणे वीसमध्ये आहे, दुसऱ्या कप्प्यात, डावीकडं.